एका तबकडीची फेरतपासणी

मी धंद्याने शाळामास्तर. मॅट्रिक झालो, शिक्षकाची सनद मिळविली आणि पुढची अडतीस वर्षे मुलांच्या वह्या व उत्तरपत्रिका तपासण्यात घालविली. या धंद्यात एका प्रसंगाची प्रत्येक मास्तरास मनातून धास्ती असते. तो प्रसंग म्हणजे फेरतपासणी. उत्तरपत्रिका तीच असते, अक्षर तेच असते. कपाटात पडून राहिल्याने तिच्यात एका शब्दाचीही भर पडलेली नसते. आणि तरीही दुसऱ्या कोणी ती शांतपणे उघडली की नापास ठरलेले पोर एकाएकी वरच्या वर्गात जाऊन बसते. अशा वेळी खरा नापास होतो तो परीक्षक!

आज मी आपणास अशाच एका फेरतपासणीची हकीकत सांगणार आहे. ती कोणा विद्यार्थ्याची नसून एका तबकडीची आहे. १९७४ साली अमेरिकेत ही तबकडी निघाली. त्या वेळच्या परीक्षकांनी तिला जवळजवळ नापास केले. आणि तेहतीस वर्षांनी, २००७ साली, मूळ फितींवरून नव्याने सिद्ध होऊन ती पुन्हा जगापुढे आली. तबकडीचे नाव ‘दे से आय’म डिफरंट’, म्हणजे ‘लोक म्हणतात, मी निराळी आहे’. गाणारणीचे नाव बेटी डेव्हिस. आणि तिने जो संगीतप्रकार हाताळला त्यास ‘फंक’ असे म्हणतात.

हे शब्द माझ्या तोंडून ऐकून आपणांपैकी कित्येकांस हसू येईल, हे मी जाणून आहे. सकाळची भक्तिगीते आणि रात्रीची एखादी मैफल यांपलीकडे ज्याने कधी कान नेला नाही, त्या साठी उलटलेल्या मास्तरास अमेरिकेतील नाचाच्या गाण्यांशी काय कर्तव्य? याचे श्रेय, अथवा दोष म्हणा हवे तर, माझ्या भाच्याकडे जातो. त्यास तबकड्या जमविण्याचा नाद आहे. काही वर्षांपूर्वी तो सुट्टीत आमच्याकडे आला असता त्याच्याजवळ या गाण्यांची एक कॅसेट होती. कोणा मित्राच्या झिजलेल्या तबकडीवरून ती उतरून घेतलेली. मी दोन गाणी ऐकली आणि म्हणालो, “अरे, ही बाई गाते आहे की भांडते आहे?” भाचा हसला आणि त्याने कॅसेट बंद केली. माझी तपासणी संपली. शेरा मारून झाला. पुढे दोन वर्षांनी तो आला तो नवी तबकडी घेऊन. म्हणाला, “मामा, आता पुन्हा एकदा ऐका. हिच्यात नवे काही वाजविलेले नाही. होते तेच आहे; फक्त आता ते ऐकू येते.” या शेवटच्या वाक्याने मी जागच्या जागी बसलो.

त्या दुसऱ्या ऐकण्यात मला काय सापडले ते सांगण्यापूर्वी फंक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगावयास हवे. आपल्या गाण्यात समेचे महत्त्व केवढे आहे, हे आपण जाणताच. गवई आलापांत कितीही दूर गेला तरी त्याने समेवर यावयास हवे. तो अचूक आला की श्रोत्यांच्या माना आपोआप हलतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या नाचाच्या गाण्यांत चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर देण्याची रीत होती. जेम्स ब्राऊन या गायकाने १९६५ च्या सुमारास हा जोर पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. ‘द वन’, म्हणजे ‘ती पहिली’, हा त्याच्या मंडळींचा परवलीचा शब्दच होऊन बसला. आपल्या भाषेत बोलावयाचे तर त्याने त्या संगीतास सम दिली. १९६५ मधील ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि १९६७ मधील ‘कोल्ड स्वेट’ या त्याच्या गीतांपासून हा नवा प्रकार रूढ होऊ लागला.

या प्रकारात चाल फारशी पुढे सरकत नाही. गिटार, तुताऱ्या, किंबहुना मनुष्याचा आवाजसुद्धा येथे तालवाद्याचे काम करितो. प्रत्येक वाद्य एक लहानसा तुकडा बोलते आणि गप्प बसते. त्या रिकाम्या जागेत दुसरे बोलते. हे तुकडे आणि त्यांच्यामधील स्तब्धता यांनी मिळून सारी वीण तयार होते. तेव्हा फंक ऐकताना ‘पुढे काय होणार?’ असे विचारावयाचे नसते. ‘आता काय चालले आहे?’ असे विचारावयाचे असते.

या विणीचा पाया म्हणजे बेस गिटार, खर्जात बोलणारी गिटार. ती वाजविण्याची एक नवी तऱ्हा लॅरी ग्रॅहम या वादकाने काढली आणि तिची कथा मोठी बोधप्रद आहे. हा तरुणपणी आपल्या आईबरोबर कार्यक्रम करी. आई पियानो वाजवी. पुढे त्यांच्याजवळ ढोल वाजविणारा उरला नाही. तेव्हा या मुलाने अंगठ्याने तारेवर प्रहार करून मोठ्या ढोलाची उणीव भरून काढिली आणि बोटाने तार ओढून सोडून लहान ढोलाची. गरिबीत निघालेली ही युक्ती पुढे जगभर शास्त्र म्हणून मान्य झाली. हा लॅरी ग्रॅहम ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या प्रसिद्ध वाद्यवृंदात होता आणि त्याच वृंदात ग्रेग एरिको हा ढोलवादक होता. ही दोन नावे ध्यानात ठेवावी.

आता बेटी डेव्हिसकडे वळू. तिचा जन्म १९४४ साली नॉर्थ कॅरोलायना प्रांतातील डरहॅम गावी झाला. माहेरचे नाव बेटी मेब्री. आजीच्या शेतावर लहानपणी तिच्या कानांवर पडले ते ब्लूज, म्हणजे शेतमजुरांच्या कष्टांतून आणि विरहांतून जन्मलेले कृष्णवर्णीयांचे जुने गाणे. पुढे कुटुंब पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड या पोलादाच्या गावी आले; वडील तेथील कारखान्यात कामास लागले. बाराव्या वर्षी मुलीने आपले पहिले गाणे रचिले. सोळाव्या वर्षी ती न्यूयॉर्कला गेली, तेथे वेशभूषेच्या कलेचे शिक्षण घेऊ लागली आणि मासिकांत तिची छायाचित्रे झळकू लागली. पण अंतरी ती गीतकारच होती. १९६७ साली ‘चेंबर्स ब्रदर्स’ या मंडळींनी तिचे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीवरील एक गीत आपल्या तबकडीत घेतले.

१९६८ साली तिने जॅझमधील थोर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्याशी विवाह केला. तो संसार एक वर्षच टिकला. परंतु त्या एका वर्षात या तरुण पत्नीने वयाने पुष्कळ मोठ्या असलेल्या नवऱ्यास जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन यांचे संगीत ऐकविले, त्याचा पोशाखही बदलविला. १९७० मध्ये निघालेल्या ‘बिचेस ब्रू’ या तबकडीपासून माइल्सच्या संगीताने जे वळण घेतले त्यामागे या सहवासाचा हात होता आणि आपल्या आत्मचरित्रात त्यानेही हे ऋण मान्य केले आहे. तथापि दैव कसे पाहा! पुढे पंचवीस-तीस वर्षे तिचे नाव निघाले की लोकांस आठवे ते एवढेच, की ही माइल्सची एके काळची बायको.

१९७३ साली तिची पहिली तबकडी निघाली. सॅन फ्रान्सिस्कोस तिचे ध्वनिमुद्रण झाले. वर ज्यांची नावे सांगितली त्यांपैकी ग्रेग एरिको हा तिचा निर्माता आणि लॅरी ग्रॅहम हा बेस गिटार वाजविणारा. एवढे मातब्बर साथीदार असूनही तबकडी खपली नाही. पुढल्याच वर्षी तिने दुसरी काढिली, आणि या वेळी निर्मातीही तीच झाली. आठही गाणी तिने लिहिलेली, चाली तिच्या, कोणत्या वाद्याने कोठे बोलावे आणि कोठे गप्प बसावे याचा निर्णयही तिचाच. त्या काळी अमेरिकेतही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेपलीकडून हुकूम सोडणारा बहुतेक पुरुषच असे. स्त्रीने काचेच्या अलीकडे उभे राहून गावे, अशी ती वाटणी होती. ती वाटणी या बाईने मोडली. मुखपृष्ठावर तर ती अशा वेशात बसली आहे की, कोणास वाटावे, एखाद्या दूरच्या ग्रहावरील योद्धी नुकतीच पृथ्वीवर उतरली आहे.

आठ गाण्यांपैकी दुसऱ्याचा विषय मी या ठिकाणी सांगणार नाही. घरोघरी मुलेबाळे ऐकत असतील. पण चौथ्याचा सांगितला पाहिजे. एखाद्या बाईस जग ज्या शब्दाने कुलटा ठरविते तो शब्द तिला लावू नका, एवढेच ते गीत बजावते. आणि सहावे गीत म्हणजे तबकडीचे नावगीत. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथे आहे.

लोक मला निराळी म्हणतात, असे गाणारी स्त्री पुढे काय सांगेल, अशी आपली अपेक्षा असते? ‘होय, मी निराळी आहे, माझ्यासारखी दुसरी कोणी नाही,’ असे ती म्हणेल, असेच आपणांस वाटते. आजकाल सारेच तसे म्हणतात. पण बेटी डेव्हिस येथे आपली वंशावळ सांगू लागते! तिची पणजी, तिचा पणजोबा, त्यांचे शेत, तेथील डुकरे. आणि त्या घरात ज्यांची गाणी घुमत ते एल्मोर जेम्स, जॉन ली हूकर, बी. बी. किंग, जिमी रीड. नावामागून नाव येते. एखाद्या घराण्याच्या गवयाने कान पकडून गुरूंची नावे घ्यावी, तसा तो प्रकार आहे. गिटारीवरून सरकत जाणारा एल्मोर जेम्सच्या वळणाचा सूर त्या नावांभोवती फिरत राहतो. तिचे म्हणणे असे की, मी निराळी दिसते, कारण तुम्ही माझी माणसे विसरलात. मी आकाशातून पडलेली नाही. माझ्या आवाजातील जो खरखरीतपणा तुम्हांस खुपतो तो माझ्या पणजीच्या अंगणातील आहे.

या उत्तरपत्रिकेचे परीक्षकांनी काय केले? तिच्या पहिल्या तबकडीपासूनच वाद सुरू झाला होता. कित्येक नभोवाणी केंद्रांनी तिची गाणी लाविली नाहीत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झटणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या मोठ्या संस्थेनेही तिच्या गाण्यांवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. त्या संस्थेची अडचणही आपण समजून घेतली पाहिजे. ज्या समाजास शेकडो वर्षे असभ्य म्हणून हिणविले गेले, त्याच्या धुरीणांस आपल्या लेकी जगापुढे सभ्य दिसाव्या असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु या धडपडीत बळी गेला तो आवाजाचा. शिवाय गोऱ्यांची केंद्रे तिला काळ्यांची गायिका म्हणून टाळीत आणि काळ्यांची केंद्रे तिला रॉककडे झुकलेली म्हणून टाळीत. जिला दोन्ही रकान्यांत बसविता येत नाही, तिचे नाव दोन्ही रकान्यांतून गळते, हा हजेरीपटाचा नियम मला चांगला ठाऊक आहे.

१९७५ साली तिची तिसरी तबकडी मोठ्या कंपनीकडून निघाली. तीही चालली नाही. १९७६ साली लुइझियानामध्ये चौथी मुद्रित झाली. ती तर कपाटातच राहिली. १९८० साली वडील वारले आणि त्यानंतर ही स्त्री हळूहळू संगीताच्या जगातून नाहीशी झाली. होमस्टेडच्या त्याच गावी ती अबोलपणे राहू लागली. तिच्या तबकड्या मात्र जुन्या बाजारांत हातोहाती फिरत राहिल्या. १९९० साली आइस क्यूब या रॅप गायकाने याच तबकडीतील पहिल्या गाण्याचा तुकडा आपल्या गीतात बसविला. म्हणजे लाखो लोकांच्या कानांवर तिचे संगीत पडले. परंतु ते तिचे आहे, हे त्यांतील फारच थोड्यांस ठाऊक असेल.

आणि मग २००७ साल आले. अमेरिकेतील सिअॅटल शहरी ‘लाइट इन द अॅटिक’ नावाची एक लहानशी कंपनी आहे. नावाचा अर्थ ‘माळ्यावरचा दिवा’. विस्मृतीत गेलेल्या तबकड्या शोधून काढून पुन्हा प्रसिद्ध करणे, हे तिचे काम. या कंपनीने बेटीच्या पहिल्या दोन तबकड्या मूळ फितींवरून नव्याने सिद्ध केल्या, सोबत सविस्तर माहितीची पुस्तिका जोडिली आणि काही गाण्यांची आधीची कच्ची रूपेही दिली. १९७६ पासून कपाटात पडलेली चौथी तबकडीही २००९ साली त्याच कंपनीने उजेडात आणिली.

आता ‘नव्याने सिद्ध करणे’, ज्यास ‘रीमास्टर’ म्हणतात, त्यात नेमके काय करितात? आपणांपैकी कित्येकांची समजूत अशी असेल की, जुने गाणे घेऊन त्यास नवी वाद्ये जोडितात अथवा गाणाराचा आवाज गोड करितात. तसे नव्हे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निरनिराळी वाद्ये रुंद फितीच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर उतरवितात. मग त्यांचा परस्परांशी मेळ घालून दोन पट्ट्यांची एक फीत करितात. हे झाले मिश्रण. ते लेखकाचे हस्तलिखित समजा. त्या फितीवरून तबकडीचा साचा करण्यापूर्वी एक कुशल मनुष्य शेवटचा हात फिरवितो; ते मास्टरिंग, म्हणजे छापण्यापूर्वीचे मुद्रितशोधन. रीमास्टर म्हणजे त्याच हस्तलिखिताचे दुसऱ्याने, अधिक चांगल्या दिव्याखाली केलेले मुद्रितशोधन होय. लेखकाने जे लिहिलेच नाही ते त्यात येऊ शकत नाही, आणि येऊ नये.

मग फरक पडतो तो का? यास कारणे आहेत. तबकडीवरील खाच ही ध्वनीप्रमाणे डावी-उजवीकडे वळत जाते. खर्जाचा सूर मोठा असला की खाच फार रुंद वळणे घेते. तिला जागा अधिक लागते, एका बाजूवर मिनिटे कमी मावतात आणि सुई उडण्याचेही भय असते. म्हणून साचा कापणारे लोक खर्जास आवर घालीत. दुसरे असे की, तबकडीच्या मध्याकडे जावे तसतसा प्रत्येक फेऱ्याचा घेर लहान होत जातो, आणि तेवढ्याच वेळातील ध्वनी थोड्या जागेत कोंबावा लागतो. त्यामुळे बारीक, तीक्ष्ण ध्वनी तेथे धूसर होतात. त्यात तबकडी झिजलेली, तिच्यावरून उतरलेली कॅसेट आणखी एक पायरी खाली, असा प्रकार असेल तर विचारूच नका. मी जे प्रथम ऐकले ते असे होते. ज्या संगीताचा पाया खर्जात आणि प्राण स्तब्धतेत, त्यातून खर्ज गेला होता आणि स्तब्धतेच्या जागी खरखर भरली होती. पाया आणि प्राण काढून घेतल्यावर उरला तो बाईचा चढा आवाज. आणि तो ऐकून मी शेरा मारिला की, ही भांडते आहे!

नवी तबकडी ऐकताना प्रथम मला खालची जमीन सापडली. पूर्वी पावसाळ्यात भिजलेल्या पखवाजासारखा जो नुसता धुमारा येत होता, त्याच्या जागी आता अंगठ्याचा प्रहार निराळा आणि ओढलेल्या तारेचा टणत्कार निराळा ऐकू आला. दोहोंच्या मध्ये गिटार दोनच अक्षरे बोलून थांबत होती. आणि या साऱ्यांवर तिचा आवाज कसा उभा होता! जे मला ओरडणे वाटले होते ते ओरडणे नव्हते. ती अक्षर तोडते, घशात घासते, गुरगुरते. पण तो प्रत्येक तुकडा नेमका समेवर अथवा समेच्या केसभर मागे येऊन पडतो. तो आवाज चालीवर तरंगत नाही. तो ढोलाच्या शेजारी बसून ढोलाचेच काम करितो. सातवे गाणे तर सरळ ब्लूज आहे. नावगीतात जिची वंशावळ सांगितली ती आजी-पणजी येथे स्वतःच गाऊ लागते. आणि शेवटच्या आठव्या गाण्यात हाच आवाज इतका मऊ होतो की, एवढा वेळ ती कठोर का होती, ते न सांगता समजते. हे गाणे तबकडीच्या अगदी मध्यालगत येते. तेव्हा झिजलेल्या प्रतीत त्याचे काय झाले असेल, याची आपणच कल्पना करावी.

श्रोतेहो, फेरतपासणी म्हणजे खिरापत नव्हे; तेव्हा उणे तेही सांगतो. तिच्या आवाजाचा पल्ला मोठा नाही. दोन-तीन गाण्यांचे ठेके परस्परांची आठवण करून देतात. पाचवे गाणे नाचास चांगले, ऐकावयास साधारण. काही शब्द असे आहेत की, ते मी माझ्या घरातही मोठ्याने लावीत नाही. आणखी असे की, जे दुर्मिळ ते उत्तम, अशी एक नवी भाबडी समजूत तबकड्या जमविणाऱ्यांत पसरली आहे. ती मला मान्य नाही. विसरलेल्या शंभर तबकड्यांपैकी बऱ्याचशा विसरण्याच्याच लायकीच्या असतील. रीमास्टर करणारे सारेच प्रामाणिक असतात, असेही नव्हे. कित्येकजण जुन्या संगीताचा आवाज सरसकट एवढा चढवितात की हळू आणि जोरात यांतील भेदच नाहीसा होतो. असे करणारा मुद्रितशोधक सारे पुस्तक ठळक टंकात छापितो म्हणावयाचे! स्तब्धतेवर जगणाऱ्या फंकसारख्या संगीताचा तर याने जीवच जातो. एवंच, नव्याने सिद्ध केलेली प्रत्येक गोष्ट श्रेष्ठ असते असे माझे म्हणणे नाही. निकाल देण्यापूर्वी उत्तरपत्रिका नीट वाचता येईल अशा उजेडात धरावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

येथे थांबलो असतो तर व्याख्यान पुरे झाले असते. परंतु ती तबकडी ऐकून झाल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण सांगितल्यावाचून उठणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तीसएक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या एका शाळेत असताना स्नेहसंमेलनासाठी समूहगीताच्या मुली निवडण्याचे काम माझ्याकडे आले. सहावीतील एक मुलगी उभी राहिली. आवाज रुंद, थोडा घोगरा. एका सुरावरून दुसऱ्यावर ती उडी न घेता घसरत जाई. मी हार्मोनियम थांबवून म्हणालो, “काय गं, गाणं म्हणतेस की हाका मारतेस?” वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही आणि रडलीही नाही. एवढेच म्हणाली, “माझी आजी असंच म्हणते, गुरुजी.” मी तिचे नाव खोडिले आणि पडदा ओढणाऱ्या मुलांत घातले. आजी काय म्हणते, केव्हा म्हणते, हे मी विचारले नाही. विचारले असते तर कदाचित कळले असते की, जात्याच्या घरघरीवर ऐकू जावा म्हणून जो आवाज पिढ्यान् पिढ्या घडला, तो माझ्यापुढे उभा आहे. मी त्याचा मुकाबला हार्मोनियमच्या चार पट्ट्यांशी केला आणि तो निराळा ठरविला. त्या मुलीने मला आपली वंशावळ सांगितली होती. अवघ्या चार शब्दांत सांगितली होती. अमेरिकेतील एका बाईने तेच सांगण्यासाठी सबंध गाणे गाइले, आणि ते गाणे दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा कोठे ते चार शब्द मला ऐकू आले.

त्या मुलीची फेरतपासणी माझ्या हातून झाली नाही आणि आता होणारही नाही. आवाजाची मूळ फीत कोणी कपाटात जपून ठेवीत नाही.

बेटी डेव्हिसच्या वाट्यास मात्र ते भाग्य आले, आणि ती हयात असताना आले. तबकडी पुन्हा निघाली तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. २०१७ साली तिच्या जीवनावर एक माहितीपट निघाला. त्यासही या तबकडीचेच नाव दिलेले आहे. १९६९ मध्ये माइल्सच्या देखरेखीखाली मुद्रित होऊन पडून राहिलेली तिची गाणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी होमस्टेड येथे, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ती वारली, तेव्हा जगातील मोठमोठ्या वृत्तपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले; आणि त्यांत ती माइल्सची बायको म्हणून नव्हे, तर बेटी डेव्हिस म्हणून ओळखली गेली.

आपणांपैकी ज्यांस ही तबकडी मिळेल त्यांनी ती एकदा ऐकावी, असे मी सांगणार नाही. दोनदा ऐकावी. पहिल्या खेपेस आपण बहुधा मी केले तेच कराल, नाक मुरडाल. त्यात लाज मानण्याचे कारण नाही. पण मग आठ दिवस जाऊ द्यावे, आणि दुसऱ्या खेपेस आवाजाकडे लक्ष न देता प्रथम खर्जाकडे द्यावे. तळातून वर यावे. आणि त्या आठ दिवसांत आपल्या घरात, वर्गात अथवा शेजारी एखादे मूल निराळ्या आवाजात काही म्हणत असेल, तर त्याला थांबविण्यापूर्वी एवढेच विचारावे की, बाळ, हे तुझ्या घरी आणखी कोण म्हणते?